इंटरनेट दूरध्वनीचे प्रोटोकॉल

आयपी फोन, साधा फोन जोडण्याचा एटीए अडॅप्टर, आयपी पीबीएक्स (कार्यालयातील अंतर्गत फोन जोडणारे एक्स्चेंज) ही उपकरणे ज्या नियमांनी एकमेकांशी व्यवहार करतात ते नियम. यांत दोन कामे वेगळी ठेवलेली असतात. कॉल लावणे, घंटी वाजवणे व कॉल तोडणे हे संकेतनाचे काम बहुधा एसआयपी हा प्रोटोकॉल करतो. आवाज मात्र आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने, पुष्कळदा वेगळ्या वाटेने जातो.

एसआयपीच्या उगमाचे वर्ष कोणते धरावे याबद्दल एकवाक्यता नाही. आरएफसी २५४३ हा त्याचे नियम मांडणारा दस्तऐवज मार्च १९९९ मध्ये निघाला, म्हणून तेच वर्ष देण्याचा प्रघात आहे. परंतु १९९६ च्या आरंभीच आयईटीएफ या इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेपुढे दोन स्वतंत्र मसुदे आले होते. मार्क हँडली व ईव्ह स्कूलर यांचा मसुदा यूडीपीवर (पोच न मागता पॅकेटे पाठवण्याच्या पद्धतीवर) चालणारा आणि एसडीपी वर्णन (आवाज कोणत्या पत्त्यावर व कोणत्या प्रकारे पाठवायचा याचा तपशील) वापरणारा होता. हेनिंग शुल्झरिन यांचा पोच घेणाऱ्या टीसीपीवरचा व वेबच्या एचटीटीपीच्या वळणाचा होता. पुढे दोन्ही एकत्र करण्यात आले. यूडीपी व एसडीपी पहिल्याकडून, तर विनंती-उत्तराची धाटणी दुसऱ्याकडून आली, हे पाहता १९९६ हे वर्ष अधिक सयुक्तिक वाटते. सध्याचा पायाभूत दस्तऐवज आरएफसी ३२६१ जून २००२ चा आहे. संकेतन व आवाज यांची फारकत मात्र याहून जुनी आहे. इंटरनेटच्या पूर्वज असलेल्या आर्पानेटवर साधारण १९७३-७४ च्या सुमारास डॅनी कोहेन व सहकाऱ्यांनी वापरलेल्या नेटवर्क व्हॉइस प्रोटोकॉलमध्येही नियंत्रण आणि ध्वनिवहन असे दोन भाग होते.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा टॉवेलचा कारखाना आणि त्याची चाटी गल्लीतली पेढी, असे उदाहरण घेऊ. कारखान्यातून पेढीचा एक्स्टेन्शन फिरवला की पीबीएक्सकडे ‘इन्व्हाइट’ जातो. पलीकडे घंटी वाजू लागली की ‘१८० रिंगिंग’ आणि फोन उचलल्यावर ‘२०० ओके’ परत येतो. हे संदेश साध्या मजकुराचे असून सहसा ५०६० पोर्टवरून जातात. त्यानंतर आवाज सुरू होतो. जी.७११ या कोडेकमध्ये (आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याच्या पद्धतीत) सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात. २० मिलिसेकंदांचे एक पॅकेट धरल्यास १६० बाइट आवाज व ४० बाइट आयपी, यूडीपी आणि आरटीपी शीर्षके (पत्ता वगैरे माहिती) होतात. अशी ५० पॅकेटे दर सेकंदाला लागतात, म्हणजे ६४ किलोबिटांच्या आवाजाला ८० किलोबिट. आवाज अधिक दाबणाऱ्या जी.७२९ कोडेकमध्ये आवाज २० बाइटांवर येतो, पण शीर्षके तेवढीच राहतात.

घंटी वाजते, फोन उचलला जातो, पण एकाच बाजूचे ऐकू येते, ही तक्रार याच फारकतीतून उद्भवते. पेढीतला फोन एसडीपीत आपला पत्ता १९२.१६८.१.२० असा लिहितो. तो राउटरच्या आतच चालणारा असल्याने कारखान्याकडून निघालेला आवाज पेढीपर्यंत पोहोचत नाही. स्टन व आयसीई या पद्धतींनी राउटरबाहेरचा पत्ता शोधता येतो. राउटरमधील एसआयपी एएलजी हे साधन असे पत्ते दुरुस्त करण्यासाठी असते, पण अनेकदा तेच संदेश बिघडवते. म्हणून तपासणीत प्रथम ते बंद करून पाहावे.

एसआयपीखेरीज इतर प्रोटोकॉलही आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा एच.३२३ हा १९९६ चा असून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगमध्ये अधिक रुजला. एमजीसीपी या प्रोटोकॉलमध्ये बुद्धी मध्यवर्ती नियंत्रकाकडे असते. स्किनी हा प्रोटोकॉल सेल्सियस कंपनीचा. १९९८ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. अॅस्टरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरसोबत आलेला आयएएक्स२ संकेतन व आवाज दोन्ही ४५६९ या एकाच पोर्टवरून नेतो, त्यामुळे वरील अडचण त्याला फारशी येत नाही.

गोपनीयतेसाठी दोन्ही वाटा झाकाव्या लागतात. केवळ संकेतन गुप्त करणारे टीएलएस लावल्यास कोणी कोणाला फोन केला ते झाकले जाते, बोलणे उघडेच राहते. उलट आवाज गुप्त करणाऱ्या एसआरटीपीची किल्ली एसडीपीतूनच पाठवली जात असेल, तर टीएलएसशिवाय ती वाटेत कोणालाही वाचता येते.