तेलाचा भाव वाढूनही डॉलर का वाढत नाहीत?

युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपाला शंभर डॉलरच्या वर गेला, तेव्हा निर्यातीतील बहुतांश उत्पन्न तेलातूनच मिळवणाऱ्या नायजेरियाला सुगीचे दिवस यायला हवे होते. प्रत्यक्षात त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये देशाचे उत्पादन दिवसाला १० लाख पिंपांच्याही खाली आले. ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने ठरवून दिलेला कोटा सुमारे १८ लाख पिंपांचा होता.

निर्यात उत्पन्न म्हणजे भाव गुणिले परिमाण, म्हणजे विकलेल्या तेलाचे प्रमाण. यातला भाव देशाच्या हातात नसतो. तेल महागले म्हणून वाहने लगेच थांबत नाहीत आणि स्वस्त झाले म्हणून विहिरी लगेच बंद होत नाहीत. त्यामुळे पुरवठ्यात थोडी तूट किंवा वाढ झाली तरी भाव मोठे हेलकावे खातो. जून २०१४ मध्ये ११५ डॉलरच्या घरात असलेले ब्रेंट तेल (जागतिक भावाचा एक मापदंड) जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली उतरले आणि नायजेरिया मंदीत गेला. या घसरणीमागे अमेरिकेत खडकांच्या थरांतून काढल्या जाणाऱ्या शेल तेलाचा मोठा वाटा होता. हे तेल नायजेरियाच्या ‘बॉनी लाइट’ या कच्च्या तेलासारखेच हलके व कमी गंधकाचे असल्याने २०१० मध्ये दिवसाला सुमारे १० लाख पिंपे घेणारे अमेरिकी गिऱ्हाईकही २०१४ पर्यंत जवळपास तुटले, आणि भारतासारख्या ग्राहकांवरची भिस्त वाढली.

चलन स्वस्त केले की निर्यात वाढते, हा नियम येथे फारसा लागू पडत नाही. तेलाचा व्यवहार मुळातच डॉलरमध्ये होतो. जून २०२३ मध्ये नायरा हे नायजेरियाचे चलन डॉलरमागे सुमारे ४६० वरून ७५० पर्यंत घसरले. सरकारी तिजोरीत प्रत्येक डॉलरमागे जास्त नायरा आले, पण त्या घसरणीने परदेशी खरेदीदाराला तेल स्वस्त झाले नाही. अवमूल्यनाचा लाभ झालाच तर कोको, तीळ यांसारख्या शेतमालाला होतो. उलट बाजूही खरी आहे. १९७० च्या दशकात तेलाच्या डॉलरमुळे नायरा वधारला, आयात स्वस्त झाली, मजूर शहरांकडे वळले आणि शेतीमालाची निर्यात मागे पडली. कानो शहरात निर्यातीसाठी रचले जाणारे भुईमुगाच्या पोत्यांचे मनोरे याच काळात दिसेनासे झाले, अर्थात त्यात दुष्काळाचा आणि पिकावरील रोगाचाही हात होता.

उरते परिमाण, आणि माझ्या मते धोरणकर्त्यांनी सर्वाधिक दुर्लक्ष केले ते याच घटकाकडे. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील वाहिन्यांना भोके पाडून तेल चोरले जाते. २०२२ मध्ये फोर्काडोस निर्यात केंद्रापासून समुद्रात नेलेली सुमारे ४ किलोमीटर लांबीची बेकायदा वाहिनी सापडली. राष्ट्रीय तेल कंपनीच्या म्हणण्यानुसार ती नऊ वर्षे चालू होती! चोरी, घातपात आणि रखडलेली गुंतवणूक यांमुळे जे तेल जहाजावर चढतच नाही, त्याला कितीही भाव आला तरी उपयोग नाही.

शिवाय मिळालेले सर्व डॉलर देशात टिकत नाहीत. सरकारी शुद्धीकरण कारखाने बंद किंवा अर्धवट चालत असल्याने हा देश वर्षानुवर्षे कच्चे तेल विकून पेट्रोल आयात करत राहिला. लागोसजवळच्या लेक्कीतील डांगोटे या खासगी शुद्धीकरण कारखान्याची क्षमता दिवसाला ६.५ लाख पिंपांची असून तेथे २०२४ पासून शुद्धीकरण सुरू आहे. देशातले तेल तेथे वळले की कच्च्या तेलाच्या निर्यातीचा आकडा कमी दिसेल, पण आयातीवर जाणारे डॉलरही वाचतील. त्यामुळे केवळ निर्यातीच्या आकड्यावरून देशाची कमाई जोखणे यापुढे अधिकच फसवे ठरेल.