व्हिक्टोरिया पीक

हाँगकाँग बेटावरील सर्वांत उंच डोंगर (552 मी.) आणि शहर वरून पाहण्याची तेथील सर्वांत गाजलेली जागा. कँटोनी नाव ताई पिंग शान; एरवी नुसते ‘पीक’. खुद्द माथ्यावर दूरसंचाराचे मनोरे असल्याने तो बंद असतो. लोक जातात ते त्याखालच्या व्हिक्टोरिया गॅप या खिंडीत, सुमारे 396 मी. उंचीवर.

बेटावर सपाट जमीन जेमतेम. समुद्रात भराव घालून किनारा पुढे ढकलला गेला, त्यावर उंच इमारती आल्या आणि त्यांच्या पाठीला लागूनच डोंगराचा चढ सुरू होतो. त्यामुळे शहर येथे दूरवर पसरलेले दिसत नाही, थेट पायाखाली दिसते. ‘टू आयएफसी’ या 412 मी. उंच इमारतीचा माथा खिंडीतल्या पीक टॉवर या इमारतीच्या गच्चीवरून (428 मी.) जवळपास नजरेच्या रेषेत येतो. बंदरापलीकडे कौलूनमधली 484 मी. उंचीची ‘आयसीसी’ मात्र गच्चीलाही मागे टाकते.

आज येथे जी रेटारेटी असते, तिच्यापासून पळण्यासाठीच ही वस्ती झाली होती. खालचा उकाडा आणि रोगराई टाळायला ब्रिटिश गव्हर्नर रिचर्ड मॅकडॉनेल यांनी 1860च्या दशकात वर उन्हाळी निवास बांधला; मागोमाग धनिक युरोपीय आले. त्यांना डोलीत बसवून चिनी मजूर चढ चढत. मे 1888मध्ये पीक ट्राम सुरू झाली आणि डोलीवाल्यांचे काम घटले. ट्राममध्येही पायरी ठरलेली होती: पहिला वर्ग अधिकाऱ्यांचा व पीकवासीयांचा, दुसरा लष्कर-पोलिसांचा, उरलेले सगळे तिसऱ्यात. 1904च्या कायद्याने तर चिनी लोकांना पीकवर राहण्यासच मनाई केली. नोकरचाकरांना अर्थातच मुभा होती. भांडी कोणी घासायची? युरेशियन (युरोपीय-आशियाई मिश्र वंशाचे) उद्योगपती रॉबर्ट हो तुंग यांचा अपवाद झाला. कायदा रद्द व्हायला दुसरे महायुद्ध संपावे लागले (1946).

ट्राम म्हणजे दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे: एक डबा वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो. सुरुवातीला ती वाफेवर चाले, 1926पासून विजेवर. सर्वांत तीव्र चढ 25 अंशांहून थोडा अधिक आहे; तेथे बसलेल्याला बाहेरच्या इमारतीच डोंगराकडे कलल्यासारख्या वाटतात. 2022मध्ये नवे, 210 प्रवाशांचे डबे आले. रांगा तरीही लागतात, सूर्यास्ताच्या आधी तर फारच.

कौलूनहून येणाऱ्याने स्टार फेरीने बंदर ओलांडावे. स्वस्त पडते आणि वर पोहोचल्यावर त्याच बोटी काडेपेटीएवढ्या दिसतात. या सेवेचा पाया घालणारे दोराबजी नवरोजी मिठाईवाला मुंबईहून आलेले पारशी. पीकच्या पायथ्याच्या हाँगकाँग विद्यापीठालाही (1911) मुंबईच्याच होरमसजी मोदी यांची मोठी देणगी होती.

पीक टॉवरच्या गच्चीला वेगळे तिकीट लागते. ते काढलेच पाहिजे असे नाही. लुगार्ड रोडने दहा-पंधरा मिनिटे चालले की झाडी अचानक उघडते आणि तोच देखावा, किंबहुना अधिक मोकळा, फुकट मिळतो. कड्यालगत खांबांवर तोललेला हा अरुंद रस्ता जवळजवळ सपाट असून वाटेत पारंब्या सोडलेले रबराचे मोठे झाड लागते. पुढे हार्लेच रोडने खिंडीत परतता येते. फेरी सुमारे 3.5 किमी., तासाभराची. दुसऱ्या बाजूला समुद्र आणि लहान बेटे दिसतात. डोक्यावर घारी घिरट्या घालत असतात.

मार्च-एप्रिलमध्ये धुके इतके दाटते की हाताशी असलेला कठडाच काय तो दिसावा; ऑक्टोबर ते डिसेंबर हवा स्वच्छ. दुपारी उशिरा चढून दिवे लागेपर्यंत थांबावे, म्हणजे एकाच फेरीत दिवस-रात्र दोन्ही पाहून होतात. उतरताना ट्रामच्या रांगेत ताटकळण्यापेक्षा 15 क्रमांकाची बस बरी. दिवस हाताशी असेल आणि गुडघे धड असतील, तर पोक फू लाम जलाशयाकडे (1863, हाँगकाँगचा पहिला) रानातून पायवाट उतरते.