नदी लांब, म्हणून पूर नाही?
बडोद्यात जुनं घर बघताना हमखास कानावर येतं, ‘विश्वामित्री इथून लांब आहे, पुराची काळजी नको.’ हे खरं नाही. नदी तुडुंब भरली की काँस (म्हणजे शहरातले पाणी वाहून नेणारे मोठे नाले) आणि पावसाळी गटारांचं पाणी तिच्यात शिरत नाही, मागे फिरतं आणि सखल सोसायट्यांत वर येतं. 2019 आणि 2024 च्या पुरांत बडोदेकरांनी हे भोगलंय.

म्हणून जिन्याखालच्या भिंतीला हात लावून बघा. गुडघाभर उंचीवर आडवी पिवळसर रेघ, तिच्याखाली फुगलेला गिलावा, कपाटाची कुजकी फळी, म्हणजे पाणी येऊन गेलंय. नवा रंग फक्त खालच्या तीन फुटांवर असेल तर विचाराच. रस्त्यावर दरवेळी थर चढतो, घर मात्र तिथेच राहतं. ओटा रस्त्याच्या खाली गेलाय का बघा. आणि शेजारच्या काकूंना विचारा, विजेचा मीटर एवढा वर का बसवला?