बारा व्होल्टांची मर्यादा आणि डिकीतला सबवूफर

नवी गाडी घरी येते, पेढे वाटून होतात आणि पहिल्या लांबच्या प्रवासात एक गोष्ट कानाला खटकते. स्क्रीन हातभर मोठी, मोबाइल वायरशिवाय जोडला जातो, पण गाण्यातला डग्गा नुसता ‘टप’ वाजतो; त्याचा घुमारा येतच नाही. आवाज वाढवला की दाराचं प्लास्टिक थरथरतं आणि गायकाचा गळा फाटल्यासारखा वाटतो. माहितीपत्रकावर मात्र ‘५० वॉट गुणिले ४’ छापलेलं असतं. ॲक्सेसरीजवाला सांगतो, “साहेब, कंपनीची सिस्टिम तशीच राहू द्या, मागे ॲम्प आणि सब टाकू.” ॲम्प म्हणजे आवाजाला ताकद देणारा ॲम्प्लिफायर आणि सब म्हणजे सबवूफर, फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर. हा सल्ला आता इतका अंगवळणी पडलाय, की त्याच्यामागे कित्येक दशकांचा विजेचा हिशेब आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

गाडीतला रेडिओ अमेरिकेत रुळला तो १९३० च्या सुमाराला. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी त्या वर्षी ‘मोटोरोला’ नावाने तो विकायला काढला. युरोपात १९३२ मध्ये ब्लाउपुंक्टने आपला संच आणला. हे सगळे व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे रेडिओ. व्हॉल्व्हला शे-दोनशे व्होल्ट लागायचे आणि गाडीत बॅटरी सहा व्होल्टांची. म्हणून पुढच्या काही वर्षांत रेडिओच्या पोटात ‘व्हायब्रेटर’ आला. एक धातूची पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून बॅटरीचा प्रवाह तोडायची-जोडायची, आणि तो तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून वर चढवला जायचा. रेडिओ लावला की आधी त्या पट्टीची गुणगुण ऐकू यायची, गाणं नंतर. बॅटरीचा दाब आधी वाढवायचा आणि मग आवाज करायचा, ही युक्ती लक्षात ठेवा. ती पुन्हा येणार आहे.

१९५५ मध्ये क्रायस्लरने फिल्को कंपनीकडून पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ करून घेतला. गाड्यांची बॅटरी त्याच सुमाराला सहावरून बारा व्होल्टांवर येत होती, आणि ट्रान्झिस्टर बारा व्होल्टांवर थेट चालतो. व्हायब्रेटर गेला, ट्रान्सफॉर्मर गेला, रेडिओ हलका झाला, बॅटरीवरचा ताण कमी झाला. पुढे फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली कॅसेट गाडीत आली. सोय सगळी वाढली, पण आवाजाच्या ताकदीला मात्र तिथेच छत बसलं.

ते छत किती उंचीवर आहे, याचं गणित सोपं आहे. चालू गाडीत आल्टरनेटरमुळे साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकर असतो ४ ओहमचा. स्पीकरची एक तार बॉडीला आणि दुसरी टेपला, अशी जुनी जोडणी असेल तर आवाजाची लहर फार तर ७.२ व्होल्ट वर आणि तेवढीच खाली जाऊ शकते. त्यातून निघतात साडेसहा वॉट, त्याहून जास्त नाहीच. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्यांनी लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरातून ‘टीडीए २००३’ ही पाच पायांची चिप आणून पहिला ॲम्प्लिफायर जोडलेला असतो. ती मुळात कार रेडिओसाठीच केलेली चिप, आणि ४ ओहमवर तिचे वॉट तेवढेच, सहाच्या आसपास.

पुढची पायरी म्हणजे ‘ब्रिज’. एका स्पीकरला दोन ॲम्प लावायचे, दोन्ही टोकांना एकेक. एक वर जाताना दुसरा खाली येतो. दाब दुप्पट झाला की वॉट चौपट होतात, म्हणजे सव्वीस. प्रत्यक्षात वीसच्या आतबाहेर. मग पन्नास कुठून आले? गुळगुळीत लहरीऐवजी चौकोनी लहर धरली, म्हणजे आवाज पूर्ण फाटलेला धरला, की १४.४ चा वर्ग भागिले ४, बरोबर ५१.८. माहितीपत्रकावरचा आकडा हाच. तो फाटलेल्या आवाजाचा आकडा आहे, गाण्याचा नाही. गाडी विकणाऱ्यांनी तो छापणं बंद करावं असं मला मनापासून वाटतं.

ब्रिजमुळे एक जुनी सवय महागात पडायला लागली. पूर्वीचे मिस्त्री स्पीकरची काळी तार सरळ बॉडीला मारायचे. ब्रिजमध्ये दोन्ही तारांवर कायम सहा-सात व्होल्ट उभे असतात. त्यातली एक जरी पत्र्याला टेकली, तरी आतली चिप जाऊ शकते.

हे छत फोडायचं तर जुनी युक्ती परत आणावी लागणार होती: बॅटरीचा दाब आधी वाढवायचा. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या जिम फोसगेट यांनी १९७३ मध्ये गाडीसाठी वेगळा, ताकदीचा ॲम्प विकायला सुरुवात केली. ‘रॉकफर्ड फोसगेट’ या कंपनीच्या नावातले फोसगेट ते हेच. अशा ॲम्पमध्ये बाराचे उणे-अधिक पंचवीस-तीस व्होल्ट करणारा एक सप्लाय असतो. थरथरत्या पट्टीचं काम आता ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा करतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पॉवर मॉसफेट नावाचे ताकदीचे ट्रान्झिस्टर बाजारात आले आणि हा सप्लाय लहान आणि टिकाऊ झाला. आज सीटखाली मावणारा चपटा ॲम्प शंभर-दोनशे वॉट देतो, तो याच वाटेने आलेला आहे.

ताकद आली, पण खोकं किती मोठं करायचं याचा तोवर अंदाजच होता. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्पीकर आणि पेटी यांचं एकत्र गणित मांडलं. स्पीकरच्या डब्यावर आज ‘एफएस’, ‘क्यूटीएस’, ‘व्हीएएस’ असे आकडे असतात ते त्यांचेच. ते आकडे घालून वीस-पंचवीस लिटरच्या बंद पेटीत दहा इंची सब किती खाली उतरेल हे सुताराकडे जाण्याआधीच कळतं. त्यातून गाडी स्वतः मदत करते. ४० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला चाळीस कंपनांची लहर साडेआठ मीटर लांब असते आणि गाडीची आतली लांबी असते त्याच्या निम्म्याहूनही कमी. लहर आत मावत नाही, म्हणून सब सगळ्या हवेलाच दाबतो-सोडतो आणि खालचा आवाज आपोआप वाढतो. घरात जो सब साधा वाटतो, तोच गाडीत छातीवर येतो, याचं कारण हे.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या आकाराने आली. कुर्ल्यात तयार होणाऱ्या पद्मिनीच्या मागच्या काचेखालच्या फळीला भोकं पाडून अंडाकृती ‘सहा बाय नऊ’ बसवलेले अनेकांना आठवत असतील. बंद डिकी त्या स्पीकरची आयती पेटी व्हायची, म्हणून वेगळा सब नसतानाही टॅक्सीत बास भरपूर यायचा. मारुती ८०० आली आणि ती सोय गेली, कारण तिला वेगळी डिकीच नव्हती. मग मागे आडवी टाकायची गोल ‘बेस ट्यूब’ आली. आता महाराष्ट्रात कित्येक गाड्यांची डिकी सीएनजीच्या टाकीनेच भरलेली असते, आणि म्हणून ॲम्प पोटात घेतलेला चपटा सब सीटखाली सरकवला जातो. (आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. गाडीतल्या चांगल्या सबचं काम त्याच्या उलट आहे: तो कुठून वाजतोय हे कळताच कामा नये.)

या सगळ्या काळात टेप बदलणं हा सरळ मार्ग होता. डॅशबोर्डचा खण ठरलेल्या मापाचा असायचा, १८० बाय ५० मिलिमीटर, किंवा उंचीला त्याच्या दुप्पट. जुना टेप ओढा, नवा सरकवा, त्याच्या मागच्या आरसीए सॉकेटमधून, म्हणजे ॲम्पसाठी बारीक सिग्नल देणाऱ्या गोल सॉकेटमधून, ॲम्पला वायर न्या. मग स्क्रीन आली, आणि तिच्यात रिव्हर्स कॅमेरा, एसी, गाडीच्या सेटिंग्ज असं सगळं गेलं. ती काढली तर निम्मी गाडी मुकी होते आणि वॉरंटीचा वाद वेगळाच. म्हणून स्क्रीन तशीच ठेवून तिच्या स्पीकरच्या तारांमधून सिग्नल उचलायचा आणि कन्व्हर्टरमधून तो बारीक करून ॲम्पला द्यायचा, ही रीत पडली. तारा कापायच्या नाहीत, मधे कपलर घालायचा.

माझ्याच गाडीत हे करून घेतलं तेव्हा आठ दिवस मला समाधान नव्हतं. हळू आवाजात डग्गा झकास, आवाज वाढवला की गायब. शेवटी एका रविवारी मित्राला घेऊन पार्किंगमध्ये बसलो. मोबाइलवर ५० हर्ट्झचा एकच सूर लावला, सबची तार काढून ठेवली आणि मल्टिमीटर एसीवर करून त्याच्या पिना स्पीकरच्या दोन तारांना लावल्या. मित्र आवाज एकेक अंकाने वाढवत होता, मी व्होल्ट लिहीत होतो. अठरापर्यंत आकडा चढत गेला. एकोणीसला थांबला. बाविसाव्या अंकाला चक्क खाली आला. मग १००० हर्ट्झचा सूर लावला, तर तो मात्र तिसापर्यंत सरळ चढला.

दुकानदाराची चूक नव्हती आणि सबही बरा होता. दारातले पातळ कागदी स्पीकर फाटू नयेत म्हणून कंपनीची स्क्रीन आवाज वाढला की बास स्वतःच कापत होती. ज्या वीस वॉटांचं छत ओलांडायला आपण ॲम्प लावला, त्याच छताच्या हिशेबाने कापलेला सिग्नल त्या ॲम्पला मिळत होता. कापलेला बास परत भरून काढणारे प्रोसेसर मिळतात. आम्ही साधा मार्ग घेतला. सबपुरता असलेला ॲम्प बदलून पाच चॅनलचा घेतला, दारांचे स्पीकरही त्याच्यावर टाकले आणि ८० हर्ट्झच्या खालचं सगळं त्यांच्याकडून काढून सबकडे दिलं. स्क्रीन अठरावर ठेवून ॲम्पचा गेन, म्हणजे आलेला सिग्नल किती वाढवायचा ते बटण, असा लावला, की पुढच्या सीटवर बोलणं ऐकू येईनासं होईल इतका आवाज तिथेच मिळावा. आता स्क्रीन अठराच्या पुढे न्यावीच लागत नाही, आणि डग्ग्यावर तळहात घासून काढलेली मींड खंडाळ्याच्या घाटात, काचा बंद करून, पूर्ण ऐकू येते.