लाकडाचं घर आणि लाकडी पट्ट्यांचं घर

पांढऱ्या भिंतीवर काळ्या लाकडाच्या उभ्या, आडव्या, तिरक्या रेघा दिसल्या की आपण सरसकट ‘ट्यूडर घर’ (ट्यूडर राजघराण्याच्या, मुख्यतः १६व्या शतकातल्या काळातलं) म्हणून मोकळे होतो. इंग्लंडात मात्र अशा दिसणाऱ्या घरांच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्हींत तीन-चार शतकांचं अंतर असू शकतं. एकीत लाकूडच घर उचलून धरतं. दुसरीत भार विटांच्या भिंतीवर असतो आणि लाकूड तिच्यावर ठोकलेलं असतं. फोटोत हा फरक कळत नाही, भिंतीजवळ गेलं की कळतो.

पहिल्या तऱ्हेचं ठसठशीत उदाहरण म्हणजे चेशायरमधलं लिटल मॉर्टन हॉल. १५०४च्या सुमारास सुरू झालेलं हे घर पुढची शंभरेक वर्षं टप्प्याटप्प्याने वाढत गेलं. दगडी जोतं, त्यावर ओक लाकडाचा सांगाडा आणि सांगाड्याच्या चौकटी भरून काढणाऱ्या कुडाच्या भिंती, अशी या पद्धतीची मूळ रचना. कुडाची भिंत काढून टाकली तरी घर उभं राहतं, कारण भार तिच्यावर नसतोच.

सांधा जवळून पाहण्यासारखा असतो. एका तुळईच्या टोकाला कुसू कोरायचं, ते दुसरीच्या खाचेत बसवायचं आणि दोन्हींमधून लाकडी खुंटी ठोकायची. दोन्ही तुकड्यांतली भोकं सुतार मुद्दाम किंचित मागे-पुढे पाडत, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा आवळला जाई. ओक ओला असतानाच कापत, कारण वाळल्यावर तो फार कठीण होतो. घर उभं राहिल्यावर लाकूड जागच्या जागी वाळतं, आकसतं, पिळवटतं. जुन्या घरांचा वाकडेपणा बराचसा इथून येतो. अनेक घरांत सांध्यांजवळ रोमन आकड्यांसारख्या खुणा सापडतात. सांगाडा सुताराच्या आवारात जुळवून पाहत, सुटा करत आणि जागेवर नेऊन पुन्हा उभारत. कोणता तुकडा कुठे बसतो, हे त्या खुणा सांगतात.

लिटल मॉर्टनचा वाकडेपणा मात्र फक्त लाकूड वाळल्याचा नाही. सर्वांत वर सुमारे २१ मीटर लांबीचं दालन चढवलं गेलं आणि त्यावर जड दगडी फरशांचं छप्पर आलं. त्या ओझ्याने खालचा सांगाडा वाकला. पुढे पोलादी सळया घालून त्याला आधार द्यावा लागला. चुकलेला हिशेबही लाकडात जसाच्या तसा दिसतो, म्हणून मला हे घर फार मोलाचं वाटतं. अंगणाकडच्या खिडक्यांवर १५५९ सालचा लेख आहे: देवाच्या कृपेने या खिडक्या रिचर्ड डेल नावाच्या सुताराने केल्या.

दुसरी तऱ्हा १९व्या शतकातल्या जुन्याच्या ओढीतून आली. चेशायरमधल्याच चेस्टर शहराच्या मध्यवस्तीतल्या काळ्या-पांढऱ्या इमारतींपैकी बऱ्याच त्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आहेत. जॉन डग्लससारख्या वास्तुकारांनी त्या मनापासून घडवल्या आणि त्यांना नकली म्हणून हिणवणं मला पटत नाही. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उपनगरांत जुळी घरं भराभर उठली. तिथे विटांच्या भिंतीवर पातळ फळ्या ठोकल्या आणि मधल्या जागेत गिलावा केला. या फळ्यांना खुंट्या नसतात, खिळे असतात. तिरकी फळी कशालाच ताण देत नाही. खऱ्या घरात तीच तिरकी लाकडं सांगाडा कलू देत नाहीत. वरचा मजला पुढे आलेला असेल तर त्याच्या खालून वर पाहा. जुन्या घरात मजला पेलणाऱ्या जाडजूड तुळयांची टोकं बहुधा बाहेर डोकावताना दिसतात.

रंगावर मात्र विसंबू नका. ओक पूर्वी बहुधा तसाच सोडत किंवा भिंतीसकट चुन्याने सारवत. लाकूड काळं करायची आवड मुख्यतः व्हिक्टोरियन, म्हणजे १९व्या शतकातली. सफोकमधल्या लॅव्हनममध्ये रुपेरी-करडं लाकूड आजही दिसतं. उलट, कित्येक अस्सल लाकडी घरांना १८व्या शतकात विटांचा दर्शनी भाग चढवला गेला. रस्त्यावरून ती साधी विटांची घरं वाटतात, आत गेल्यावर सांगाडा भेटतो.

लंडनमधलं लिबर्टी हे दुकान या दोन खणांत सहज बसत नाही. इमारत १९२४ची, पण तिच्यातलं लाकूड ‘इम्प्रेग्नेबल’ आणि ‘हिंदुस्तान’ या मोडीत काढलेल्या दोन युद्धनौकांचं. लाकडातल्या वाढीच्या कड्यांची रुंदी मोजून आणि ती साल ठाऊक असलेल्या लाकडाशी जुळवून झाड कधी तोडलं ते काढता येतं आणि ओला ओक वापरत असल्यामुळे घराचं वयही बहुधा त्याच्या जवळपास निघतं. लाकूड दुसऱ्यांदा वापरलं असेल तर हा हिशेब फसतो. म्हणून जाणकार आधी रिकाम्या खाचा शोधतात. तुळईवर आजच्या कोणत्याही सांध्याशी न जुळणारी खाच दिसली, तर ती तुळई आधी दुसरीकडे कुठेतरी वापरलेली असू शकते.