माथेरानच्या गाडीचे छायाचित्रण : उभे कोठे राहावे
(कॅमेरा व लेन्स भाड्याने नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दिवाळी उलटली की पुण्यातील आमच्या दुकानात लांब पल्ल्याच्या लेन्सची विचारणा एकदम वाढते आणि विचारणाऱ्यांपैकी बरेच जण माथेरानला निघालेले असतात. शुक्रवारी संध्याकाळी १५०-६०० मिलिमीटरची, दूरचे जवळ आणणारी जड लेन्स नेली जाते, सोमवारी ती परत येते, आणि ग्राहक थोडे ओशाळून सांगतात की चांगले फोटो शेवटी त्यांच्या स्वतःच्या २४-७० मिलिमीटरच्या साध्या लेन्सवरच निघाले. आम्हांला याचे नवल वाटत नाही. नेरळ-माथेरान मार्गावर गाडी फार लांबून टिपावी लागत नाही आणि ती वेगातही नसते. अडते ते उभे कोठे राहावे या प्रश्नापाशी. त्याचे उत्तर भाड्याने देता येत नाही, म्हणून ते या पत्रकात लिहून देत आहोत.

मार्गाची थोडी ओळख आधी करून घ्यावी, कारण जागा त्याच्या घडणीतूनच सापडते. सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली बांधलेला हा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग १९०७ साली सुरू झाला. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंचीवर आहे आणि माथेरानचे पठार सुमारे आठशे मीटरवर. ही चढण मार्ग सुमारे २१ किलोमीटरमध्ये पार करतो, आणि त्याचा सर्वांत तीव्र चढ वीस मीटरला एक मीटर एवढा आहे. नेरळनंतर जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्थानके लागतात. चढण सोसावी म्हणून रूळ डोंगराच्या अंगावर सतत वळत राहतो, आणि छायाचित्रकाराच्या दृष्टीने या मार्गाचे खरे वैभव या वळणांतच आहे. आणखी एक सोय अशी की रुळावर विजेच्या तारा नाहीत. लोणावळ्याच्या घाटात गाडीचे फोटो काढलेल्या कोणालाही याचे मोल सांगावे लागणार नाही.

आता मुख्य मुद्दा. नेरळ हे माथेरानच्या डोंगराच्या पूर्व अंगाला आहे, आणि रूळ त्याच अंगाने वर चढतो. त्यामुळे सकाळी हा सगळा उतार उन्हात असतो, आणि दुपार कलू लागली की डोंगर स्वतःचीच सावली त्यावर टाकतो. अलीकडच्या वेळापत्रकांत नेरळहून गाड्या सकाळी चढतात आणि माथेरानहून दुपारनंतर उतरतात. म्हणजे उजेड चांगला असतो तेव्हा गाडी वर जाणारी, आणि खाली येणारी गाडी पुष्कळदा सावलीतून येणारी. पहिल्या वर्षी आम्ही स्वतः याच ठिकाणी फसलो. सकाळी साडेनऊला पाहून ठेवलेली, लख्ख उन्हातली एक जागा आम्ही परतीच्या गाडीसाठी राखून ठेवली. चारच्या सुमारास तेथे पोहोचलो तेव्हा रूळ, कातळ आणि गवत सगळे एकाच राखाडी रंगाचे झाले होते, आणि समोरच्या खोऱ्यात मात्र सोनेरी ऊन पडले होते. जागा पाहताना ती ज्या वेळी वापरायची त्याच वेळी पाहावी, हे त्या दिवशी कळले.

यातून दुसरी एक बारीक गोष्ट निघते, आणि तिच्याकडे नवखे ग्राहक हमखास दुर्लक्ष करतात. सकाळी वर चढणाऱ्या गाडीचे तोंड एकंदरीत पश्चिमेकडे असते, म्हणजे सूर्य तिच्या पाठीशी असतो. सरळ पट्ट्यावर समोर उभे राहून फोटो काढला तर आकाश पांढरे आणि इंजिनाचा चेहरा काळा, असाच निकाल येणार. वळणावर मात्र हे गणित बदलते. गाडी अर्धा फेरा घेऊन तोंड फिरवते तेव्हा तिची एक बाजू किंवा क्वचित तिचे तोंडही उजेडाला सामोरे येते, आणि असा फिरण्याचा क्षण जेथे दिसतो ती आपली जागा. माउंट बॅरी या माथ्याखालचे घोड्याच्या नालेसारखे वळण याच कारणाने प्रसिद्ध व्हायला हवे. प्रत्यक्षात ते फक्त आकारामुळे झाले आहे. मागे सरून गाडी उलट फिरवण्याचे स्थानक टाळता यावे म्हणून तेथे भराव घालून हे वळण बांधलेले आहे. त्यापुढे रूळ जवळजवळ मैलभर उत्तरेकडे जातो. हिवाळ्यात सकाळचा सूर्य आग्नेयेला असल्यामुळे या टप्प्यात गाडीची दरीकडची बाजू उजळते आणि तोंड सावलीत राहते, म्हणून येथे समोरून काढण्याचा हट्ट सोडून डब्यांची रांग कडेने घ्यावी. फोनमधील होकायंत्र आणि सूर्याची दिशा दाखवणारे कोणतेही ॲप या कामाला पुरते.

हे वळण गाडीतूनही टिपता येते, आणि आमच्या मते पहिल्या खेपेला ते गाडीतूनच टिपावे. शेवटच्या डब्यात दरीकडच्या खिडकीशी बसले की वळणावर पुढचे इंजिन आणि मधले डबे एका चौकटीत येतात. हात, डोके किंवा कॅमेरा खिडकीबाहेर काढू नये. कठडे आणि कातळ रुळाच्या फार जवळ आहेत. या मार्गावर एकच बोगदा आहे. तो इतका आखूड आहे की त्याला ‘वन किस टनेल’ असे नाव पडले, आणि त्यात पायी शिरून फोटो काढण्याचा विचारही करू नये, कारण आत गाडी आली तर अंग चोरायला जागा नाही.

आता अमन लॉज ते माथेरान या शेवटच्या तुकड्याविषयी, कारण आमच्या निम्म्या ग्राहकांनी खरे तर फक्त येथेच यावे. खालच्या भागात एका सकाळी आपल्याला गाडी एकदा, फार तर दोनदा मिळते. ढग आला, समोर कोणी उभे राहिले किंवा बोट चुकले तर दिवस संपला. येथे मात्र दिवसभर शटल फेऱ्या चालतात, म्हणजे पहिल्या फेरीला जागा पाहायची, दुसरीला चूक करायची आणि तिसरीला ती सुधारायची, एवढी मुभा मिळते. अमन लॉज स्थानकाजवळच्या दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी असल्यामुळे चौकटीत मोटारींची रांग शिरत नाही. दस्तुरीहून बाजारापर्यंत चालत जाण्याची वाट बराच काळ रुळाच्या सोबतीने जाते, आणि तांबडी माती, काळसर खोडे आणि त्यांमधून डुलत येणारे डबे हे दृश्य खालच्या उघड्या उतारावर मिळत नाही.

अडचण अशी की वरचा भाग दाट झाडीचा आहे. भर दुपारी पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे इंजिनावर पांढरे ठिपके पाडतात, आणि ते ठिपके कोणत्याही संगणकावर नीट निघत नाहीत. म्हणून येथे नियम उलटा लावावा : ऊन टाळावे आणि ढगाळ हवा शोधावी. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी साधारणपणे बंद ठेवली जाते, पण वरची शटल हवामान साथ देईल तशी चालू असते. जुलै-ऑगस्टच्या धुक्यात दिवा लावून येणारी गाडी टिपायची असेल तर झाडे दोन्ही बाजूंनी कमान करतात असा पट्टा निवडावा, आणि गाडी दिसण्याआधीच फोकस एखाद्या खोडावर पक्का करून ठेवावा. धुक्यात कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस भांबावतो आणि गाडी निघून गेल्यावर स्थिरावतो.

इतरांच्या जुन्या फोटोंवरून जागा ठरवण्याबाबत आमचे मत प्रतिकूल आहे. २००५ च्या जुलैतील अतिवृष्टीत हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा तेच केले, आणि नेरळपासूनची गाडी २०२२ च्या ऑक्टोबरातच परत धावू लागली. प्रत्येक दुरुस्तीत जाळीत भरलेल्या दगडांच्या भिंती आणि लोखंडी कठडे वाढत गेले. सुरक्षिततेसाठी ते हवेच आहेत, पण जुन्या फोटोत मोकळी दिसणारी कड आज तशी मिळेलच असे नाही. वाफेच्या इंजिनाच्या आशेने जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की नियमित गाड्या डिझेल इंजिने ओढतात. जुने वाफेचे इंजिन नेरळ स्थानकाजवळ चौथऱ्यावर उभे आहे, त्याचा फोटो गाडीची वाट पाहताना निवांत होतो.

पुण्याहून जाणाऱ्यांनी कर्जतला थांबणारी पहाटेची गाडी धरून तेथून लोकलने नेरळ गाठावे; मध्ये फक्त भिवपुरी रोड लागते. आदल्या दिवशी मध्य रेल्वेचे चालू वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नये. मोटारीने जाणाऱ्यांना नेरळ-दस्तुरी घाटरस्ता रुळाच्या जवळ येतो ते जुम्मापट्टीच्या आसपासचे ठिकाण सोयीचे आहे, मात्र अरुंद वळणावर वाहन उभे करू नये. उतारावर ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. उंचावरून दृश्य घेण्यासाठी कोणाच्या शेतातून किंवा अंगणातून जावे लागणार असेल तर आधी विचारावे. विचारले की बहुधा आपण शोधली असती त्याहून बरी वाट दाखवली जाते.

रुळावर किंवा रुळालगत रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पावसाळ्यात लोक रुळावरून सर्रास चालताना दिसतात, म्हणून ते चालते असे समजू नये. स्थानके, रस्ता, पायवाट आणि गाडीची खिडकी एवढ्या चार ठिकाणांवरून या मार्गाचे उत्तम फोटो निघतात, असा आमचा अनुभव आहे. लग्नापूर्वीच्या चित्रणासाठी किंवा जाहिरातीसाठी जाणाऱ्यांनी रेल्वेची लेखी परवानगी आधी मिळवावी. ड्रोन आम्ही या मार्गासाठी भाड्याने देत नाही.

कॅमेऱ्याच्या मांडणीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. गाडी ताशी वीस किलोमीटरच्या आत चालते. त्या वेगाने ती सेकंदाच्या अडीचशेव्या भागात दोन सेंटिमीटरच्या आसपास सरकते, म्हणून १/२५० चा शटर पुरतो. मागची झाडी पळती दाखवायची असेल तर १/३० ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवावा. याचा सराव करायला माथेरानपर्यंत जाण्याची गरज नाही : सारसबागेजवळच्या पेशवे उद्यानातील फुलराणी ही मुलांची छोटी गाडी १९५६ पासून पुण्याच्या मुलांना फिरवीत आली आहे, ती चालू असेल त्या दिवशी एक तास तेथे घालवावा. चढ दाखवताना मात्र फार लोकांकडून एक चूक होते. गाडी तिरकी दिसते म्हणून ते कॅमेरा तिरका धरून तिला सरळ करतात, आणि चढ नाहीसा होतो. गाडीची लांबी पन्नास मीटर धरली तरी सर्वांत तीव्र चढावर तिचे इंजिन शेवटच्या डब्याहून अडीच मीटर उंच असते. एखादे झाड किंवा खांब चौकटीत उभा ठेवावा, म्हणजे ही उंची आपोआप दिसते.

माकडांपासून सामान जपावे. चिक्कीची पुडी आणि लेन्सचे झाकण यांत ती फरक करीत नाहीत. घोड्यांच्या वाटेवर ट्रायपॉडचे पाय पसरून उभे राहू नये आणि फ्लॅश वापरू नये. लेन्स बदलायची असेल तर ती पिशवीच्या आत, कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवून बदलावी, कारण माथेरानची तांबडी धूळ टाल्कम पावडरीइतकी बारीक असते आणि झूमच्या कड्यात बसली की आठवडाभर करकरते. सोमवारी लेन्स परत आणताना काचेवर धूळ असेल तर ती रुमालाने पुसून आणू नये. काचेवर ओरखडे पडतात ते धुळीपेक्षा पुसण्याने. तशीच झाकण लावून आणावी, फुंकणी आणि कुंचला घेऊन आम्ही ती आपल्यासमोरच साफ करतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही.