कोरियन धर्तीचा खिमा-भात

गरम, किंचित चिकट भातावर सोया सॉस, गूळ, लसूण, आले आणि तीळ यांत परतलेला खिमा घालून केलेले एका वाडग्यातले जेवण. कोरियातील बुल्गोगी या गोमांसाच्या पदार्थावरून ते घेतले आहे. भात आधी लावून ठेवला असेल तर गॅसवरचे काम वीस मिनिटांत उरकते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत व त्यांना लागून असलेल्या मालेगाव-बागलाण भागात हा पदार्थ अलीकडे काही घरांत करून पाहिला जाऊ लागला आहे. मोबाइलवर कोरियन मालिका पाहणारी आणि शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला राहून आलेली मुले त्यात पुढे आहेत. लागणारे बहुतेक जिन्नस खानदेशात हाताशी आहेत. अडचण येते ती भाताची निवड आणि रस्सा करण्याची सवय या दोन ठिकाणी.

मूळ पदार्थ

बुल्गोगीत गोमांसाचे पातळ काप सोया सॉस, साखर, लसूण, कांद्याची पात, मिरी, तिळाचे तेल आणि किसलेले नाशपाती यांत मुरवून विस्तवावर भाजतात. जोसोन राजवटीच्या (१३९२–१९१०) काळातील नॉबिआनी या भाजलेल्या मांसाच्या पदार्थाशी तिचे नाते सांगितले जाते. प्रांतोप्रांती तिची रूपे वेगळी आहेत. उल्सानजवळच्या ऑनयांगमध्ये आणि दक्षिण जॉल्ला प्रांतातील ग्वांगयांगमध्ये ती कोळशावर भाजतात, तर सोलमध्ये मधोमध फुगीर असलेल्या तव्यावर मांस ठेवून कडेच्या खोलगट पन्हाळीत रस साठू देतात. असे मांस भातावर घालून वाढले की त्याला बुल्गोगी-दॉपबाप म्हणतात.

कोरियात गोमांस पूर्वी रोजच्या जेवणातले नव्हते. जोसोन राज्यकर्त्यांनी नांगराचा बैल मारण्यावर वेळोवेळी मनाई केली होती, कारण बैल गेला तर शेती बसते. पोळ्याला बैल सजवणाऱ्या आणि त्याला पुरणपोळी भरवणाऱ्या खानदेशातल्या वाचकाला त्या मनाईमागचा हिशेब चटकन कळेल.

खिम्याचे रूप मात्र मुख्यतः अमेरिकेतल्या घरगुती स्वयंपाकात रुळले. तिथल्या साध्या दुकानात बुल्गोगीचे पातळ काप सहज मिळत नाहीत, खिमा कुठेही मिळतो. म्हणून मुरवणे गाळले, नाशपातीच्या जागी मळीचा अंश असलेली तपकिरी साखर आली आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर करता येईल असा पदार्थ तयार झाला. त्याला पारंपरिक कोरियन पदार्थ म्हणणे चुकीचे ठरेल. पण खारट-गोड चव, भाजलेल्या तिळाचा वास आणि भरपूर लसूण ही बुल्गोगीची ओळख त्यात टिकली आहे.

मांस

महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद झाली. त्या कायद्यातील दुरुस्ती २०१५ मध्ये लागू झाली आणि वळू व बैलही बंदीच्या कक्षेत आले. म्हैस या बंदीत येत नाही, मात्र तिच्या कत्तलीसाठी अधिकाऱ्याचा दाखला लागतो. त्यामुळे खानदेशात मूळ पाककृतीशी सर्वांत जवळचे मांस म्हशीचे. बाजारात ते ‘बडे का’ या नावाने मागितले जाते. ज्या घरांत ते खाल्ले जात नाही तिथे बोकडाचा किंवा कोंबडीचा खिमा वापरतात. पाहुण्यांना वाढताना मांस कशाचे आहे हे आधी सांगणे आवश्यक आहे. ताटात काय आहे हे कळण्याचा जेवणाऱ्याचा हक्क कुठल्याही पाककृतीपेक्षा मोठा आहे.

म्हशीचे मांस गोमांसापेक्षा गडद रंगाचे आणि कमी चरबीचे असते. वयस्क जनावराचे असेल तर ते चिवट लागते, पण खिम्यात हा दोष उरत नाही. चरबी कमी असल्याने कढईत दोन चमचे तेल जास्त घालावे. बोकडाच्या खिम्याला स्वतःचा उग्र वास असतो, त्याला आले वाढवावे. कोंबडीचा खिमा सर्वांत लवकर शिजतो आणि सर्वांत लवकर कोरडाही होतो.

काप करूनच भाजायचे असतील तर मांस अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवून घट्ट करावे आणि धाग्याच्या आडवे, होईल तितके पातळ कापावे. कोरियन नाशपातीत मांसातील प्रथिने तोडणारी विकरे असतात. तेच काम पपईतील पपेन अधिक जोराने करते. नंदुरबार जिल्ह्यातला शहादा तालुका पपईच्या बागांचा, त्यामुळे कच्ची पपई तिकडे कुठेही मिळते. अर्धा किलो कापांना एक चमचा किसलेली पपई आणि वीस मिनिटे पुरतात. जास्त घातली किंवा जास्त वेळ ठेवली तर मांसाचा लगदा होतो. खिम्याला पपई लावूच नये. गोडीसाठी पिकलेले केळे कुस्करून घालण्याचा मोह जळगाव, रावेर, यावलकडे होणे साहजिक आहे, पण केळ्याचा वास बाकी सगळ्यांवर मात करतो.

भात

खानदेश भाकरीचा मुलूख आहे. ज्वारी, बाजरी आणि उडीद-ज्वारीच्या पिठाची कळण्याची भाकरी यांच्यापुढे भाताला दुय्यम जागा आहे. रात्री तूरडाळीची खिचडी होते ती वेगळी गोष्ट, तिच्यात तांदूळ एकटा नसतो. त्यामुळे साधा भात हा इथे शेवटी, वरणाबरोबर चार घास खाण्याचा जिन्नस, आणि तो फडफडीत झाला की चांगला समजला जातो. या वाडग्यात हा निकष उलटा आहे. कोरियन तांदूळ आखूड दाण्याचा असतो, शिजल्यावर दाणे एकमेकांना धरून राहतात. वरचा खिमा जवळजवळ कोरडा असल्याने खालच्या भाताने त्याला धरले पाहिजे. बासमतीवर तो घातला तर भात एकीकडे आणि खिमा एकीकडे राहतो.

महाराष्ट्रात मिळणाऱ्या तांदळांपैकी इंद्रायणी या कामाला उत्तम. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेले हे वाण मऊ आणि चिकट होते. त्याला स्वतःचा सुगंध असतो, तो कोरियन भाताला नसतो, पण तिळाशी त्याचे जमते. खानदेशात नवापूर-अक्कलकुवा पट्ट्यात पाऊस बरा पडतो आणि तिथे भाताची शेती होते. त्या भागातला आखूड, जाडसर दाण्याचा घरचा तांदूळ असेल तर तोही चालतो. कोलम वापरायचा झाल्यास पाणी थोडे वाढवून भात आसट ठेवावा.

तांदूळ पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावा आणि अर्धा तास भिजवून निथळावा. इंद्रायणीला एका वाटीस दीड ते पावणेदोन वाट्या पाणी पुरते, नवा तांदूळ असेल तर त्याहून कमी. मीठ किंवा तेल घालू नये. भात झाल्यावर दहा मिनिटे झाकून ठेवावा, मग ओल्या उलथन्याने हलक्या हाताने वर-खाली करावा. भाताला मीठ नसणे आपल्याला सुरुवातीला अळणी वाटते, पण खिम्यातला सोया सॉस चांगलाच खारट असतो आणि तो साध्या भातावरच खुलतो.

चव देणारे जिन्नस

सोया सॉसच्या बाबतीत सावध असावे. चायनीजच्या गाडीवर वापरला जाणारा काळा, दाट सॉस खूप खारट आणि रंगाला भडक असतो. त्याने खिमा काळा होतो आणि चव मंचुरियनकडे झुकते. बाटलीवर ‘लाइट’ लिहिलेला पातळ सॉस घ्यावा. काळाच हाताशी असेल तर मात्रा निम्मी करून तेवढेच पाणी मिसळावे.

गूळ इथे अगदी चपखल बसतो. अमेरिकन कृतीतली तपकिरी साखर म्हणजे मळी राखलेली साखर. गुळात ती मुळातच असते. गडद रंगाचा, खारट नसलेला गूळ चिरून सॉसमध्ये आधीच विरघळवावा.

कोरियन तिळाचे तेल तीळ खरपूस भाजून मग गाळतात, म्हणून ते तपकिरी आणि सुवासिक असते. आपल्या घाण्यावरचे तेल कच्च्या तिळाचे, फिकट आणि सौम्य. त्यातून तो वास मिळवायचा तर दोन चमचे तीळ मंद आचेवर बदामी भाजून खलबत्त्यात अर्धवट कुटावेत आणि घाण्याच्या कोमट तेलात घालून पंधरा मिनिटे ठेवावेत. हे तेल गॅस बंद केल्यावर घालायचे. उष्णतेने वास उडतो. परतायला सरकीचे तेल चांगले, कारण त्याला स्वतःचा वास फारसा नसतो. शेंगदाण्याचे तेल तिळाला झाकून टाकते.

तिखटासाठी कोरियात गोचुगारू ही भरड मिरची आणि गोचुजांग ही चिकट तांदूळ, सोयाबीन व मिरची आंबवून केलेली लाल चटणी असते. मिरची कोरियातही मूळची नाही. आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, तशीच तिकडे त्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास पोहोचली. गोचुगारूचा रंग गडद असतो, तिखटपणा मध्यम. नंदुरबारच्या मिरची बाजारातून येणारी लाल मिरची बहुधा त्याहून तिखट असते, म्हणून बी काढून भरड कुटावी आणि तिच्यात निम्मी ब्याडगी मिसळावी. गोचुजांग मोठ्या शहरांतल्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळते. मिरची, गूळ, सोया सॉस आणि वाटलेला भात एकत्र करून घरी जी चटणी होते ती चांगली लागते, पण आंबवण्याने येणारी खोली तिच्यात नसते, तिला गोचुजांग म्हणू नये.

लसणाच्या बाबतीत दोन्ही मुलूख सारखेच उदार आहेत. कोरियाचा आद्य राजा दांगुन याच्या आख्यायिकेत अस्वलीण वीस लसूण आणि दवण्याच्या जातीची कडू वनस्पती खाऊन गुहेत राहते, तिची स्त्री होते, आणि तीच पुढे दांगुनची आई. ठेचा आणि लसणाची चटणी रोज खाणाऱ्या घराला या पदार्थातला लसूण कमी करावासा वाटणार नाही.

काळा मसाला, सुके खोबरे, भाजलेला कांदा यांचे वाटण इथे घालू नये. खानदेशी मसाल्याची थोरवी वादातीत आहे, परंतु त्याचा एक चमचासुद्धा सोया आणि तिळाला बोलू देत नाही. तयार होतो तो चांगला खानदेशी खिमा, आणि तो भाकरीबरोबर खावा.

कृती

चार माणसांसाठी अर्धा किलो खिमा, पाव कप पातळ सोया सॉस, तीन मोठे चमचे चिरलेला गूळ, सहा-सात पाकळ्या लसूण, बोटाच्या पेराएवढे आले, अर्धा चमचा मिरपूड, एक चमचा भरड मिरची, वर सांगितलेले तिळाचे तेल दोन चमचे आणि कांद्याच्या पातीची एक जुडी.

खिमा धुतला असेल तर चाळणीत पूर्ण निथळू द्यावा. कसाबाकडून स्वच्छ आणून न धुता वापरला तर अधिक बरे. रुंद लोखंडी कढई चांगली तापवावी, तेल घालावे आणि खिमा दोन वेळेस विभागून टाकावा. एकदम सगळा टाकला की कढई थंड पडते, खिम्याला पाणी सुटते आणि तो त्याच पाण्यात उकडत राहतो. आपला हात इथे झाकणाकडे आणि तांब्याकडे जातो. दोन्ही टाळावेत. पाणी सुटलेच तर आच मोठी ठेवून ते पूर्ण आटवावे आणि त्यानंतरही खिमा तीन-चार मिनिटे, मध्ये न ढवळता, तळाला लागू द्यावा. मांसावर तपकिरी, कुरकुरीत कडा येतात त्या ओलावा गेल्याशिवाय येत नाहीत, आणि पदार्थाची निम्मी चव त्या कडांत आहे.

खिम्यात कुठेही गुलाबी रंग उरला नाही की आले-लसूण घालून मिनिटभर परतावे. मग गूळ विरघळवलेला सॉस, मिरपूड आणि मिरची. गूळ आधी घातला तर करपतो. दोन-तीन मिनिटांत सॉस आटून खिम्याला चकचकीत लेप बसतो. कढईच्या तळाशी चमचाभर रस दिसत असताना गॅस बंद करावा. तिळाचे तेल आणि निम्मी पात आता घालावी.

वाडग्यात आधी भात, त्याच्या एका बाजूला खिमा, दुसऱ्या बाजूला भाजी, वर उरलेली पात आणि भाजलेले तीळ. पिवळा बलक अर्धवट पातळ राहील असे तळलेले अंडे ठेवले तर ते फोडून भातात मिसळता येते. कोरियात भात लांब दांड्याच्या धातूच्या चमच्याने खातात. खानदेशात तो हाताने खाल्ला जातो आणि त्याने काही बिघडत नाही.

सोबत

कोरियन जेवणात भाताभोवती लहान वाट्यांतून भाज्या असतात. त्यांतल्या दोन इथे सहज होतात: उकळत्या पाण्यातून काढून पिळलेला पालक, आणि उकडलेले मोडाचे मूग, दोन्हींना मीठ, लसूण व तिळाचे तेल लावतात. मुगाचे मोड कोरियातही खातात, फक्त ते बोटभर लांब वाढवलेले असतात. काकडी किंवा मुळ्याच्या चकत्यांना मीठ लावून पाणी पिळावे आणि व्हिनेगर, चिमूटभर साखर, मिरची घालावी. किमची, म्हणजे आंबवलेल्या भाज्यांचे कोरियन लोणचे, मिळाली तर उत्तम. ती घालण्याच्या सामुदायिक प्रथेची युनेस्कोने २०१३ मध्ये वारसा म्हणून नोंद केली आहे.

श्रावणात आणि माळकरी घरांत हाच वाडगा सोयाबीनच्या बारीक वडीचा करता येतो. वडी गरम पाण्यात भिजवून अगदी कोरडी पिळावी आणि खिम्यासारखीच खरपूस परतावी. बारीक चिरलेले मशरूम निम्म्याने मिसळले तर चव भरते. पनीर सॉस शोषत नाही, त्यामुळे फिके लागते.

ठेवणे

जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत खिमा सकाळी आणून लगेच शिजवावा किंवा फ्रीजमध्ये ठेवावा. दळलेल्या मांसात जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून ते पूर्ण शिजलेच पाहिजे. शिजलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवू नये. त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात पसरट ताटात निववून तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा. शिजलेला खिमा फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतो, आणि त्यातला लेप घट्ट होतो. गरम करताना पाण्याचा एक हबका पुरतो.